७०-३०० लेन्सचे आठ महिने: ऐरोली, नेरूळ, येऊर

ऑक्टोबरमध्ये सेकंडहँड ७०-३०० मिमी झूम लेन्स घेतली, कॅमेऱ्याची बॉडी जुनीच, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवाली. घेण्याआधी मी पण सगळ्यांना विचारत फिरत होतो की पक्ष्यांच्या फोटोंसाठी ३०० पुरते का, म्हणून लिहितोय.

पुरते, पण पक्षी जवळ आला तर. क्रॉपवर ३०० म्हणजे साधारण ४५० मिमी लेन्सइतकी जवळची फ्रेम मिळते, तरी ओहोटीला नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) म्हणजे लांब चिखलावर गुलाबी ठिपकेच. दोन महिने तेच ठिपके काढले. मग तिथे नेहमी येणारे एक काका म्हणाले, अरे लेन्स नंतर बदल, आधी भरतीची वेळ बघून येत जा. खाडी भरली की चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन थांबतात. भरती आणि सकाळची ७-८ ची वेळ जुळते तो रविवार मी आता सोडत नाही. नऊनंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ, धुरकट येतात, तिथे कितीही महाग लेन्स असू दे.

उभ्याने काढू नका, खाली बसा. रोहित खाताना मान वाकवून चोच उलटी पाण्यात घालतो, तेव्हा डोळा दिसतच नाही, नुसती पाठ येते, म्हणून फोकस धरून थांबायचं, डोकं वर काढतो आणि चोचीतून पाणी ओघळतं तेवढ्यात बर्स्ट, म्हणजे एका दमात बरेच फोटो. शटर स्पीड उभ्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/१६०० तरी ठेवा, एक्स्पोजर थोडं मायनस, म्हणजे फोटो जरा गडद, नाहीतर पांढरी पिसं जळतात. आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे बघितले की खरंच राग येतो, त्यातले कितीतरी पक्षी पुढे कच्छपर्यंत जाणारे असतात, त्यांना निवांत खाऊ द्या ना.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात मात्र ही लेन्स कमी पडते. ३०० ला अपर्चर एफ/५.६, म्हणजे प्रकाश कमीच आत येतो, झाडाखाली सकाळीपण अंधार, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर जातो, फोटो दाणेदार होतो आणि फोकस मागेपुढे करत बसतो. तिथे मी कोळ्याची जाळी नाहीतर पानंच काढतो.

पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर फंगस (बुरशी) यायची भीती, त्यामुळे लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, निळे दाणे गुलाबी झाले की बदलतो. ६०० ची लेन्स इतक्यात घेणार नाही, नोव्हेंबरपासूनच्या भरतीच्या वेळा आधी कॅलेंडरवर लिहून काढतोय.