पहिली गाडी, पहिला इन्शुरन्स : किलोमीटरवाली पॉलिसी जवळपास वर्षभर वापरल्यावर

गाडी म्हणजे पुण्यात पासिंग झालेली, पाच वर्षं ओलांडलेली सेकंडहँड वॅगनआर, 1.0 लिटरवाली. चालवणारा विशीतला, लायसन्स नुकतंच पक्कं झालेलं. पॉलिसी ऑनलाइन घेतलेली : फुल इन्शुरन्स, त्यावर झिरो डेप (गाडीचे पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून पैसे न कापण्याचं जादा कव्हर) आणि ‘जेवढी चालवाल तेवढे भरा’ हा किलोमीटरचा स्लॅब, म्हणजे ठरावीक किलोमीटरच्या मर्यादेत राहिलात तर सूट. मुदत आता संपत आली आहे, त्यामुळे कुठे पैसे वाचले आणि कुठे वाचल्यासारखे नुसते वाटले, हे नीट सांगता येईल. कंपनीचं नाव देत नाही, कारण इथे लिहिलेलं बहुतेक सगळ्याच कंपन्यांना लागू पडतं.

‘पोरगं नवीन आहे म्हणून इन्शुरन्स महाग पडेल’ ही भीती आधी डोक्यातून काढा. आपल्याकडच्या जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकात, चालकाच्या वयाचा रकानाच नव्हता. गाडीची किंमत, इंजिनाचे सीसी, गाडीचं वय आणि पासिंगचं शहर यावर दर ठरायचा. 2007 पासून ओडीचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, दर कंपन्यांवर सोडले गेले, तरी कोटेशनचा सांगाडा अजून तोच आहे. नवख्या माणसाला महाग पडतं ते एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांची ओडीवरची सूट) शून्य असल्यामुळे. शेजारचे काका तशाच गाडीला कमी भरतात, कारण त्यांच्या ओडीवर 50 टक्के सूट असते.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांचं गणित मात्र निराळं. तिथे वय आणि लायसन्सची वर्षं थेट प्रीमियममध्ये येतात, म्हणून तर तिथे गाडीत ब्लॅक बॉक्स (गाडी कशी चालवता ते नोंदवणारं यंत्र) बसवून घेतात. रोज गाडी मुलगाच चालवत असताना मुख्य चालक म्हणून बापाचं नाव टाकणं ही तिथे फसवणूक धरली जाते. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांच्या संमतीने वैध लायसन्स असलेला कोणीही ती चालवू शकतो. वडिलांनी जुनी गाडी विकून एनसीबीचं पत्र घेऊन ठेवलं असेल (ते तीन वर्षं चालतं), तर त्यांच्याच नावावर घेतलेल्या पुढच्या गाडीला ती सूट मिळते. नियमात बसणारा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. यात एक खोच आहे. 15 लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर फक्त आरसीवरच्या मालकाचं असतं, तेही मालकाकडे लायसन्स असेल तरच. चालवणाऱ्या मुलाला त्यात काही नाही. त्याच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या.

आता आकडे. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचे, दर सरकारी, सगळीकडे सारखे. 1 जून 2022 पासूनच्या तक्त्यात 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897. वॅगनआर 1.0 चं इंजिन 998 सीसी, 1.2 चं 1197. दिसायला एकच गाडी, पण 1.2 वाल्याला नुसत्या थर्ड पार्टीत जीएसटीसकट 1,560 रुपये दरवर्षी जास्त. गाडी बघायला जाताना हे कुणी सांगत नाही.

ओडीसाठी पुणे आणि मुंबई ‘अ’ झोनमध्ये, बाकी महाराष्ट्र ‘ब’ मध्ये. पाच ते दहा वर्षांच्या, 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला टॅरिफचा दर ‘अ’ झोनला 3.283 टक्के, ‘ब’ ला 3.191. (पासिंग गावाकडे करून इन्शुरन्स वाचतो म्हणणाऱ्यांसाठी : तीन लाखांच्या गाडीवर फरक 276 रुपये, तोही कंपनीची सूट धरण्याआधीचा.) आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तीन लाख धरली तर ओडी 9,849. कंपनीने 60 टक्के सूट दिली असं धरू, उरले 3,940. त्यात थर्ड पार्टी 2,094, अपघात कव्हर साधारण 350, मिळून 6,384. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 7,533. खालचा सगळा हिशोब याच आकड्यांवर केला आहे. तुमच्या कोटेशनमध्ये ओडीचा आकडा शोधा आणि तसाच मांडून बघा.

किलोमीटरच्या स्लॅबबद्दल. जाहिरातीत ‘भरघोस बचत’ लिहिलेलं असतं, पण ही सूट फक्त ओडीवर मिळते. थर्ड पार्टी आणि अपघात कव्हरला ती शिवतही नाही. 3,940 वर 15 टक्के म्हणजे 591, जीएसटीसकट सातशेच्या आत. त्या सातशेसाठी वर्षभर ओडोमीटरकडे बघायचं. 5,000 किलोमीटरचा स्लॅब म्हणजे दिवसाला जेमतेम चौदा किलोमीटर. हात बसेपर्यंत गाडी कमी फिरते, पण एकदा आत्मविश्वास आला की पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर होतात आणि गणपतीला कोकण ठरलेलंच. स्लॅब ओलांडल्यावर काय होतं, हे कंपनीगणिक बदलतं. कुठे टॉप-अप (पैसे भरून जादा किलोमीटर) घेईपर्यंत ओडीचा क्लेमच लागत नाही, कुठे क्लेममधून जादा रक्कम कापतात. थर्ड पार्टी मात्र चालूच राहते. टॉप-अप घ्यायचा तो मर्यादा संपण्याआधी, ठोकल्यानंतर नाही. माझं मत : बारा-पंधरा लाखांच्या, आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीला हा स्लॅब शोभतो. जुन्या छोट्या गाडीला तो घेऊ नका.

झिरो डेपचं उलट आहे. नवख्याची गाडी कुठे लागते? सोसायटीच्या पिलरला मागचा बंपर, नाहीतर गेटमधून वळताना डावा दरवाजा. बंपर प्लास्टिकचा, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरावर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के घसारा कापतात. काचेवर घसारा नाही. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. समजा, बंपर 3,000, रंग 3,500, मजुरी 1,000, बिल 7,500 (जीएसटी सोडून). साध्या पॉलिसीत बंपरचे 1,500 गेले. रंगाचं बिल एकत्र असेल तर त्यातला 25 टक्के माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 437. शिवाय सक्तीचे 1,000 प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून (1500 सीसीच्या वर 2,000). हातात 4,563. झिरो डेप असेल तर 6,500. क्लिपा, नट-बोल्ट, ऑइल असली किरकोळ कापाकापी वेगळी, त्याला ‘कन्झ्युमेबल्स’चं निराळं कव्हर असतं. छोट्या गाडीला ते नसलं तरी बिघडत नाही.

पाच वर्षांपुढच्या गाडीला सगळ्याच कंपन्या झिरो डेप देत नाहीत, आणि देतात त्या वर्षाला बहुधा दोनच क्लेमना. या गाडीसारख्या गाडीला हजार-दीड हजारात मिळत असेल, तर पहिली दोन वर्षं घ्यावं. मात्र त्याच पॉलिसीत प्रीमियम उतरवायला ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ (प्रत्येक क्लेममधली ठरावीक रक्कम आपणहून सोसायची तयारी) घेऊ नका. टॅरिफप्रमाणे 7,500 च्या डिडक्टिबलला ओडीवर 30 टक्के सूट, जास्तीत जास्त 2,000. आपल्या हिशोबात 1,182 रुपये वाचले. पण मग प्रत्येक क्लेमला पहिले 8,500 (हे 7,500 आणि सक्तीचे 1,000) आपले. वरच्या उदाहरणातला बंपर पूर्ण आपल्याच खिशातून, मग झिरो डेपला पैसे कशाला मोजले? दोन्हीतलं एकच काय ते ठरवा.

क्लेम करायचा की खिशातून भरायचं, यावर गॅरेजमध्ये दहा मतं ऐकायला मिळतात. हिशोब सोपा आहे. एनसीबीची शिडी 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी. पहिल्याच वर्षी एक क्लेम केला तर प्रत्येक पायरी एक वर्षाने पुढे सरकते. पाच वर्षांत मिळून नुकसान होतं 20+5+10+10+5, म्हणजे एका वर्षाच्या ओडीचे 50 टक्के. आपल्या उदाहरणात 1,970, जीएसटीसकट 2,325. 50 टक्क्यांवर पोचलेल्या माणसाने तोच क्लेम केला तर त्याचे 50+30+25+15+5, म्हणजे 125 टक्के जातात. थोडक्यात, गमवायला नवख्याकडे कमीच असतं. हातात येणारी रक्कम अडीच हजारांच्या चांगली वर असेल तर त्याने बिनधास्त क्लेम करावा, खाली असेल तर ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जावं. आणि ज्याच्याकडे एनसीबीच नाही त्याला ‘एनसीबी प्रोटेक्ट’ (क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं कव्हर) विकणारा माणूस कमालीचा आहे!

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांचे क्लेम ज्यात बऱ्याचदा अडकतात ती भानगड अशी. गाडीसोबत जुन्या मालकाची पॉलिसी मिळते, ‘अजून सात महिने आहेत’ म्हणून खरेदीदार खूश. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, ओडी येत नाही. विक्रीनंतर 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही. त्यामुळे जुन्या मालकाला मिळालेल्या सुटीचा उरलेल्या मुदतीपुरता भाग कंपनी वसूल करते. तो मुकाट्याने भरा. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा अवस्थेत गाडी ठोकली तर ओडी क्लेम फेटाळला जातो. नवी पॉलिसी घेतलीत तर ‘मागच्या वर्षी क्लेम केला होता का?’ या प्रश्नाआधी ‘मालकी बदलली का?’ हे खरं भरा. दुसऱ्याची एनसीबी टिक केली की प्रीमियम झर्रकन खाली येतो. मग क्लेमच्या वेळी कंपनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करते आणि तिथे पितळ उघडं पडतं.

जुनी पॉलिसी संपलेली असेल तर मोबाइलवरून गाडीचा व्हिडिओ मागतात. तो भर दिवसा, उघड्यावर काढा. बेसमेंट पार्किंगमधला व्हिडिओ हमखास नापास होतो. गाडीभोवती पूर्ण फेरी, बोनेट उघडून इंजिन, चेसिस नंबर, पुढची काच जवळून, इंजिन चालू ठेवून ओडोमीटर. आधीचे ओरखडे आणि पोचे नोंदले जातात आणि त्या भागांना पुढे क्लेम मिळत नाही. पैसे कापले गेले म्हणजे पॉलिसी सुरू झाली असं नाही. तपासणी मंजूर होऊन पॉलिसीवर तारीख-वेळ येईपर्यंत गाडी जागेवरच ठेवा. विनाविमा सापडलात तर पहिल्या वेळी दंड 2,000 रुपये, दुसऱ्यांदा 4,000, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

कोटेशनची तुलना करताना सगळीकडे आयडीव्ही एकच ठेवा. यादीत सगळ्यात वर दिसणारी स्वस्त पॉलिसी बहुतेकदा कमी आयडीव्हीची असते. तीन लाखांऐवजी 2,40,000 धरली तर आपल्या उदाहरणात 788 रुपये वाचतात. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेल्यामुळे टोटल लॉस धरली, तर 60,000 कमी मिळतात.

क्लेमच्या वेळी : गाडी हलवण्याआधी फोटो, मग लगेच कंपनीला फोन किंवा अ‍ॅपवरून क्लेम नंबर, मग गॅरेज. कंपनीच्या सर्व्हेअरने नुकसान पाहण्याआधी बंपर उघडू देऊ नका. नवीन चालकाच्या गाडीला चार महिन्यांत चार ठिकाणी लागलेलं असतं आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘एकाच क्लेममध्ये बसवू.’ सर्व्हेअरला ओरखड्याची दिशा आणि आत धरलेला गंज दिसतो. प्रत्येक घटना वेगळी, प्रत्येकीला 1,000 वेगळे. खोटी हकिगत सापडली तर खराखुरा क्लेमही जातो. कच्च्या लायसन्सवर गाडी चालवायची तर पुढे-मागे ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा. एकट्याने नेऊन ठोकली तर ओडी विसरा. समोरच्याची भरपाई कोर्ट कंपनीला द्यायला लावतं आणि मग कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या अंडरपासमध्ये गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट (अशा नुकसानीचं जादा कव्हर) घेतलेलं असलं तरी सेल मारल्यावरून वाद होतोच. ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा. कंपनीने क्लेम अडवला तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

रिन्यूअलला या गाडीचा किलोमीटर स्लॅब काढणार, झिरो डेप आणखी एक वर्ष ठेवणार, आयडीव्ही कंपनीने सुचवलेली घेणार. क्लेम न झाल्यामुळे एनसीबी 20 टक्के लागेल. ही सूट पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांपर्यंत टिकते, पण एक दिवस जरी खंड पडला तरी तो व्हिडिओ पुन्हा काढावा लागतो. रिन्यूअलच्या पानावर चावी हरवल्याचं, टायरचं, सामानाचं अशी कव्हर बऱ्याचदा आधीच टिक करून ठेवलेली असतात. पैसे भरण्याआधी तेवढी काढा.