सुटी गाणी की अख्खा अल्बम? आयट्यून्स स्टोअरवरील खरेदीचा हिशेब

डिसेंबर २०१२ मध्ये अ‍ॅपलचे आयट्यून्स स्टोअर भारतात सुरू झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मी तेथून पहिले गाणे विकत घेतले. महिन्याची वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून हवे ते संगीत ऐकता येत असताना गाणी विकत घेणाऱ्या माणसाकडे आता लोक किंचित कीव करून पाहतात. तरीही एखादे ध्वनिमुद्रण स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या मालकीचे असावे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी हे दुकान अजून उघडे आहे. हे परीक्षण त्या दुकानाचे आहे, आणि त्यातही एका प्रश्नापुरते: तेथे गाणे सुटे घ्यावे की अल्बम पूर्ण घ्यावा?

दुकानात शिरणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. २०१९ पासून नव्या मॅकवर आयट्यून्स नावाचे अ‍ॅपच नाही. म्युझिक अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोअर दिसण्यासाठी खूण करावी लागते, आणि ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही. अँड्रॉइड फोनवरून गाणी विकत घेता येत नाहीत. २०२२ मध्ये भारतातील खात्यांसाठी कार्डाने पैसे भरणे बंद झाले, तेव्हापासून मी यूपीआयने खात्यात शिल्लक भरून ठेवतो. एवढे सोपस्कार झाले की मात्र खरेदी सुरळीत होते. मिळणारी फाइल सेकंदाला २५६ किलोबिटची एएसी (संकुचित ध्वनीचा एक प्रकार) असते, तिला नक्कल रोखणारे कुलूप नसते, आणि एएसी वाजवणाऱ्या कोणत्याही यंत्रावर ती नेता येते.

चित्रपटसंगीतापुरते बोलायचे तर माझा कौल निःसंकोचपणे सुट्या गाण्यांच्या बाजूने आहे. कॅसेटच्या काळात दोन गाण्यांसाठी आठ गाण्यांचे पैसे मोजावे लागत; सुट्या विक्रीने तो अन्याय दूर केला. चित्रपटातील गाणी मुळातच वेगवेगळ्या प्रसंगांसाठी, पुष्कळदा वेगवेगळ्या गायकांसाठी बांधलेली असतात, आणि त्यांना एकत्र ठेवणारा धागा चित्रपटात असतो, अल्बममध्ये नसतो. याला अपवाद आहेत. ‘सैराट’च्या अल्बममध्ये चारच गाणी आहेत आणि चारही अजय-अतुल यांची, तेथे निवड करत बसण्यात अर्थ नाही. मी मात्र लग्नाच्या वरातीपुरते ‘झिंगाट’ घेतले आणि उरलेली तीन गाणी पुढच्या आठवड्यात घेतली. अशा उशिरा सुचलेल्या शहाणपणासाठी दुकानात एक चांगली सोय आहे. अल्बममधील काही गाणी आधी सुटी घेतलेली असतील, तर त्यांची किंमत वजा करून उरलेला अल्बम मिळतो. सुटी आणि घाऊक यांतली ही मधली वाट मला या दुकानाची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

अडचण सुरू होते ती रागसंगीताशी. दुकानाच्या दृष्टीने जगातील प्रत्येक ध्वनिमुद्रण हे ‘गाणे’ असते. ख्यालगायनाच्या अल्बममध्ये पस्तीस-चाळीस मिनिटांचा, संथ लयीतला म्हणजे विलंबित बडा ख्याल हे एक गाणे, आणि त्यालाच जोडून येणारा आठ-दहा मिनिटांचा, जलद लयीतला म्हणजे द्रुत छोटा ख्याल हे दुसरे. दहा मिनिटांहून मोठे तुकडे पुष्कळदा सुटे विकले जात नाहीत, त्यामुळे द्रुत बंदिश सुटी मिळते आणि विलंबित मात्र पूर्ण अल्बम घेतल्यावरच. मी सुरुवातीला काटकसर म्हणून असे तीन-चार द्रुत ख्याल घेतले होते. ते घरी लावल्यावर जेवणाच्या पंगतीत थेट ताकभाताला बसल्यासारखे वाटले. ज्या रागाची बढत, म्हणजे स्वरास्वराने सावकाश उलगडत जाणे, कानांवरून गेलेलीच नाही, त्या रागातील ताना कितीही स्वच्छ असल्या तरी त्या कशातून निघाल्या हे कळत नाही.

खरेदीपूर्वी ऐकायला मिळणारा नमुनाही येथे निरुपयोगी ठरतो. तो फार तर नव्वद सेकंदांचा असतो. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तनच, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेराच, मिनिटभराच्या घरात जाते. म्हणजे गायक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला न आला तोच नमुना संपतो. भावगीताचे ध्रुवपद तेवढ्या वेळात दोनदा ऐकून होते. एकाच मापाने दोन्ही मोजली जातात, आणि त्या मापात ख्याल बसत नाही.

आणखी एक गोष्ट कानाला टोचते. एका ज्येष्ठ गायकाच्या यमनमध्ये विलंबित आणि द्रुत यांच्या सांध्यावर तानपुरा अखंड चालू आहे, तबलजी ताल बदलतो आणि गायक श्वास घेतो. कॅसेटवर हा सांधा जाणवतच नसे. माझ्या गाणी वाजवणाऱ्या जुन्या यंत्रावर मात्र पहिली फाइल संपून दुसरी सुरू होताना तानपुरा क्षणभर तुटतो, जेमतेम अर्धा सेकंद, आणि पुन्हा लागतो. ध्वनी संकुचित करण्याच्या पद्धतीमुळे फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, ती हे यंत्र काढून टाकत नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या अ‍ॅपने हा दोष २००६ मध्येच दूर केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु फाइल माझ्या मालकीची आहे तर ती कोणत्या यंत्रावर ऐकायची हेही मीच ठरवणार.

तरीही रागसंगीत म्हणजे अल्बमच, असा नियम करण्यास मी तयार नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचे ध्वनिमुद्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला मावेल असे, सव्वातीन मिनिटांच्या आतबाहेरचे असे, आणि त्यांनी त्या मर्यादेतच राग उभा केला. झिंझोटीतील ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकताना मागे-पुढे काही हवे असे वाटत नाही, कारण ते मुळात सुटेच होते. अशा तबकड्या पुढे सीडीवर एकत्र करून विकल्या गेल्या, आणि एकामागून एक वीस ऐकताना त्यांचा कस कमी झाल्यासारखे वाटते. त्या मी सुट्याच घेतो आणि दिवसाला एक ऐकतो.

याच्या अगदी उलट टोकाला १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आहे. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार. काश्मिरी खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस या कल्पनेवर बांधलेला हा अल्बम सकाळच्या अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत प्रहरांच्या क्रमाने जातो. त्यातील पहाडी वेगळा घेतला तर सुंदरच आहे, पण तो दिवसाच्या शेवटी येतो म्हणून जो विसावा देतो, तो विसावा सुट्या फाइलबरोबर येत नाही.

‘गीतरामायण’ या दोन टोकांच्या मधोमध उभे आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे त्याची ५६ गीते प्रसारित झाली. म्हणजे आज ज्याला आपण अखंड संच मानतो, ते ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी श्रोत्यांना वर्षभर सुट्या गाण्यांनीच दिले होते; फक्त पुढचे गाणे कोणते हे श्रोता ठरवत नव्हता. पूर्ण संच घेऊन आठवड्याला एकच गीत, क्रमाने, ऐकण्याचा प्रयोग मी एकदा केला. बाविसाव्या आठवड्यात तो मोडला, पण तोवर जी गीते मी एरवी ओलांडून जात असे, त्यांतली चार-पाच पाठ झाली होती.

या दुकानाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार सुट्या आणि अख्ख्या अशा दोन्ही खरेदींना लागू होते. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर तबला कोणाचा, हार्मोनियम कोणाची, तानपुऱ्यावर कोण बसले होते, बंदिश कोणत्या तालात आहे, हे बारीक अक्षरांत छापलेले असे. येथे बहुतेक वेळा गायकाचे नाव आणि रागाचे नाव एवढेच मिळते, आणि रागाचे नाव रोमन लिपीत तीन अल्बमांवर तीन प्रकारांनी लिहिलेले असते, त्यामुळे शोध घेणे हा वेगळाच छंद होऊन बसतो. पूर्ण अल्बमसाठी पूर्ण पैसे मोजणाऱ्याला साथीदारांची नावे कळू नयेत, हे मला पटत नाही.

ध्वनीच्या दर्जाबाबतही एक विचित्र परिस्थिती आहे. जून २०२१ पासून अ‍ॅपल आपल्या वर्गणीदारांना सीडीच्या तोडीचे किंवा त्याहून सरस ध्वनिमुद्रण ऐकवते. विकत घेणाऱ्याच्या पदरात मात्र तीच २५६ किलोबिटची फाइल पडते. भाडेकरूला हवेशीर खोली आणि घरमालकाला पोटमाळा, असा हा प्रकार आहे. म्हणून जो अल्बम जन्मभर ऐकणार याची खात्री असते, त्याची मी आधी सीडी शोधतो. मुंबईत काळाघोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाल्यापासून हा शोध बहुतेक जुन्या मालाच्या विक्रेत्यांकडेच घ्यावा लागतो. नव्या, स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प हे संकेतस्थळ अधिक चांगले आहे: तेथे मूळ दर्जाची फ्लॅक (दर्जा न गमावता संकुचित केलेली) फाइल मिळते, कलाकाराने लिहिलेले टिपण सोबत असते, आणि गाणी सुटी विकायची की नाही हे कलाकार ठरवतो. मराठी संगीत तेथे अगदीच तुरळक आहे.

एका देशी संकेतस्थळावरून, ज्याचे नाव घेण्यात आता हशील नाही, मी पूर्वी एक मैफल सुट्या तुकड्यांत घेतली होती. त्यातील भैरवीची फाइल शेवटच्या ओळीवर तुटलेली निघाली. तक्रारीला उत्तर येण्याआधी दुकानच बंद झाले. ती भैरवी अजून माझ्याकडे आहे. ती मी आजही लावतो, आणि जिथे ती तुटते तिथून पुढची ओळ घरातले कोणीतरी गुणगुणून पुरी करते.