ई-ऑफिस : एका अव्वल कारकुनाचा शेरा

तहसील कचेरीत ई-ऑफिस, म्हणजे सरकारी फाईली कॉम्प्युटरवरून चालवायची प्रणाली, येऊन तीन वर्षं झाली. त्याआधीची माझी तेवीस वर्षं टॅग, टाचणी आणि बारनिशीच्या (आवक-जावक नोंदीच्या) रजिस्टरवर गेली. फाईल कुठंय हे शिपाईमामांना विचारायचं, त्यांना चहा पाजायचा, मग ती सापडायची.

टायपिंगची ३०ची (मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षा मी रेमिंग्टनच्या मशीनवर पास झालेली. कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये फाईलवरची टिपणी लिहायला बसले तर बोटं भलतीकडेच. चार ओळींना अर्धा तास. ट्रेनिंग एकच दिवस, तेही प्रोजेक्टरवर. तिथं सगळं चालतं.

सोयी आहेत. पिवळी टिपणी कच्ची, हवी तशी खोडा. हिरवी झाली की काना-मात्राही हलत नाही. पाठवलेली फाईल समोरच्यानं उघडली नसेल तर परत ओढून घेता येते. ‘शिफारस आहे’च्या जागी ‘शिफारस नाही’ गेलं होतं, तेव्हा या एका बटणानं माझी अब्रू वाचवली.

आमच्याकडे उघड विरोध कुणी केला नाही. “नेट नाही” एवढंच म्हणायचे. खरी धास्ती वेगळी होती : फाईल कुणाकडे किती दिवस पडली ते तारीख-वेळेसकट दिसतं. मलाही ती होती, खोटं कशाला बोलू? मग एका आढावा बैठकीत बिनशेतीच्या प्रकरणावरून नेहमीचं वाक्य आलं, “संकलनातच पेंडिंग आहे,” म्हणजे माझ्याच टेबलावर. मी स्क्रीनवर फाईलचा प्रवास उघडला. माझ्याकडे २ दिवस, वरच्या टेबलावर १९. कुणी काही बोललं नाही. रावसाहेबांनी (तहसीलदारांनी) पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी शेजारचे भाऊसाहेब, “नेट नाही”वाल्यांचे म्होरके, खुर्ची सरकवून आले. “ताई, ते दिवस कुठं दिसतात हो?” तेव्हापासून त्यांचं नेट असतं.

त्रास सांगायचा तर कागद अजून गेलेला नाही. वरून प्रिंट मागवतात, प्रिंटवर पेनानं शेरा मारतात, मी तो शेरा स्कॅन करून परत फाईलला जोडते. डिजिटल सहीचं डोंगल ज्याचं त्यानं वापरायचं असतं; ते कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतं हे विचारू नका. आणि स्कॅनर सबंध कचेरीत एक. ८० पानांचं प्रकरण घातलं की तो मध्येच दोन पानं एकदम ओढतो. मग पहिल्यापासून मोजा.

पाचपैकी साडेतीन तारे. दुसऱ्या स्कॅनरचं मागणीपत्र ई-ऑफिसवरच टाकलंय. वरच्या टेबलावर आहे, आज ३१वा दिवस.