म्हापशातलं मॅचिंग सेंटर, जुन्या बांबू फ्लाय रॉडच्या दोऱ्यासाठी

जुना बांबूचा फ्लाय रॉड (मासे गरवायची काठी) दुरुस्त करताय आणि त्यावरच्या कड्या गुंडाळून बांधायला गोव्यात दोरा शोधताय, तर म्हापसा मार्केटातल्या मॅचिंग सेंटरात जा, म्हणजे बायका साडीला फॉल आणि ब्लाउजला अस्तर मॅच करायला जातात तिथेच. गरवायचं सामान विकणाऱ्यांकडे नायलॉनचा दोरा असतो, तो फायबरच्या रॉडला ठीक आहे, पण सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या नाजूक बांबूवर तो जाड दिसतो आणि रॉडचं रूपच जातं. ह्याला बारीक रेशीमच पाहिजे.

आमच्या गावच्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरातला रॉड होता, इंग्लंडचा, दोऱ्याच्या गुंडाळ्या उन्हाने आणि जुन्या वार्निशने मातकट झालेल्या. वरून बघून मूळ रंग कळत नाही, गुंडाळी हळू सोडवायची आणि आत दाबलेलं टोक बघायचं, तिथे ऊन पोचलेलं नसतं. आमच्यात तिथे लाल निघाला.

आता मुख्य गोष्ट. रेशमाला थेट वार्निश लागलं की ते पारदर्शक होतं, गडद होतं. लाल मरून रंगाचा दिसतो, पिवळा मधाच्या रंगावर जातो, पांढरा तर जवळजवळ गायब होऊन खालचा बांबू दिसायला लागतो. म्हणजे रिळावर जो रंग दिसतो तो रॉडवर राहणारच नाही, त्यामुळे रीळ जुन्या गुंडाळीशेजारी धरून मॅच करण्यात काही अर्थ नाही. मी बांबूची काडी आणि टर्पेंटाइनची छोटी बाटली घेऊन गेलो, मालकांनी काही कटकट न करता चार-पाच लाल छटांचे तुकडे कापून दिले, वर म्हणाले "उजवाडांत व्हरून पळयात", उजेडात नेऊन बघा, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली लाल रंग फसवतो. काडीवर गुंडाळून टर्पेंटाइनचा थेंब लावला की वार्निशनंतरचा रंग साधारण कळतो. जो जुळला तो सुका असताना चक्क केशरीकडे झुकणारा होता! मग घरी त्याच काडीवर खरं वार्निश लावून, वाळवून, खात्री करूनच रॉडला हात लावला.

अजून एक आवडलं, "सिल्क" लिहिलेली बरीचशी रिळं व्हिस्कोसची असतात हे मालकांनी स्वतःहून सांगितलं. शंका असेल तर घरी धागा जाळून बघा, खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते, व्हिस्कोसला कागद जळल्यासारखा वास, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते.

कमी काय, तर खऱ्या रेशमात रंग मोजकेच, आणि जाडीचा नंबर रिळावर नसतो त्यामुळे जुन्या दोऱ्याचा तुकडा सोबत न्या, शेजारी ताणून धरला की फरक कळतो. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, असं निवांत बघायला मिळणार नाही, आणि दुपारी दुकान बंद. दोरा कधीही आणून ठेवा पण वार्निश पावसाळ्यात नको, इथल्या दमट हवेत ते वाळता वाळत नाही. बाटलीसारखा हिरवा पाहिजे असेल तर आधी विचारून जा, मी गेलो तेव्हा खऱ्या रेशमात तो नव्हता.