कौलं शाकारायची, पत्रा टाकायचा, की स्लॅब ओतायचा?

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत आहे. पुढचा भाग कौलारू, मागची पडवी पत्र्याची आणि न्हाणीघरावर लहानसा स्लॅब. एकाच घरात तीन तऱ्हांची छपरं असल्यामुळे तिन्हींची दुखणी जवळून बघायला मिळाली. काही वर्षांपूर्वी कौलं फार गळायला लागली, तेव्हा एका ठेकेदाराने सगळं उतरवून पत्रा टाकायचा सल्ला दिला. आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो. मग ओळखीचे एक वयस्क सुतारमामा वर चढले आणि तासभर दाभणाने एकेक वासा टोचत राहिले. खाली आल्यावर म्हणाले, "कौलं थकल्यात, वासं न्हाई थकलं."

त्या एका वाक्याने आमचा बराच खर्च वाचला. छप्पर बदलायचं की दुरुस्त करायचं, हे किती गळतंय त्यावरून ठरवू नका. वरचा भार ज्याने पेलला आहे, तो सांगाडा धड आहे का ते बघा. धो-धो गळणारं कौलारू छप्पर आठ दिवसांच्या शाकारणीने, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचल्याने, पूर्ववत होऊ शकतं, आणि एक थेंबही न गळणारा स्लॅब आतून गंजत आलेला असू शकतो.

पाणी शिरतंय कुठून

पाणी जिथे ठिबकतं, तिथेच शिरलेलं असतं असं नाही. वरून शिरलेलं पाणी वाशाच्या अंगाने पाच-सहा फूट खाली धावतं आणि मग टपकतं. पेठांमधल्या घरांत आणखी एक भानगड असते. शेजारच्याने जुनं पाडून तीन मजली इमारत बांधली की तिची उंच भिंत आणि आपलं छप्पर यांच्या सांध्यातून पाणी थेट आत उतरतं. छप्पर नवं केलं तरी ही गळती थांबत नाही. तो सांधाच पत्र्याची पट्टी आणि गिलावा करून बंद करावा लागतो.

पत्र्याखाली राहणाऱ्यांनी पहाटेच्या थेंबांनी घाबरून जाऊ नये. पावसाळी गारव्यात खोलीतली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि ठिबकते. पाऊस नसतानाही थेंब पडत असतील, तर पत्र्यात भोकं शोधण्यापेक्षा हवा खेळती राहील असं बघा.

कौल: सगळ्यात जास्त दुरुस्ती सोसणारं

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात काढला. ते कौल आपल्याकडे इतकं रुजलं याचं कारण म्हणजे फुटलं तर एकच कौल काढून दुसरं बसवता येतं. पत्र्याला किंवा स्लॅबला ही सोय नाही.

शाकारणीवर भागतंय की नाही, हे बघायला मी तीन गोष्टी करतो. कौल हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असले तर ते पाणी पिऊ लागलंय. मग वाशांची टोकं दाभणाने टोचायची, विशेषतः भिंतीवर टेकतात तिथली, कारण कुजणं आणि वाळवी तिथूनच सुरू होते. दाभण सहज आत गेलं तर तो वासा संपला. तिसरी गोष्ट म्हणजे समोरच्या घराच्या गच्चीवर जाऊन आपल्या आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या रेषेकडे, बघायचं. सरळ असायला हवं ते आढं मधे झोळीसारखं वाकलेलं दिसतंय का?

कौलं वाईट आणि लाकूड चांगलं असेल, तर शाकारणी. रिपा, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौलं पेलणाऱ्या पट्ट्या, कुजल्या असतील तर त्या बदलायच्या, ते काही मोठं काम नाही. वासे दोन-चार गेले असतील तर तेवढेच बदलता येतात. पण आढं वाकलंय, वाशांची टोकं सरसकट भुसभुशीत झालीत, असं दिसलं की शाकारणीवर घातलेला पैसा वाया जातो. रिपांसकट मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला साठ-पासष्ट किलोच्या घरात जातं. त्या ओझ्याखाली कुजलेलं लाकूड आणखी एक पावसाळा काढेल यावर विसंबून राहू नका.

आढं वाकण्याचं कारण कधी छपरात नसतंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी उभं राहिलं, तिथे मातीच्या भिंती खालून खचल्यामुळे वरचं लाकूड तिरकं झालेलं असू शकतं. अशा घरात आधी भिंत बघा. खचलेल्या भिंतीवर नवं छप्पर ठेवलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

उतारही बघून घ्या. पंचवीस-तीस अंशांपेक्षा कमी उताराचं कौलारू छप्पर जोराच्या पावसात पाणी आत घेतं. मागे वाढवलेल्या पडव्यांमध्ये ही चूक हमखास सापडते. तिथे कौलं बदलून काही होत नाही.

पत्रा: दुरुस्ती थोडीच वर्षं पुरते

पत्र्याच्या बहुतेक गळत्या स्क्रूपाशी असतात. स्क्रूखालच्या वायसरचं (वॉशरचं) रबर उन्हात कडक होऊन तडकतं. वायसर आणि स्क्रू बदलले की पत्रा पुन्हा काही वर्षं चालतो. पण दुपारी घरात अंधार करून वर बघा. चांदण्यांसारखे बारीक ठिपके सगळीकडे दिसले तर जस्ताचा थर संपून पत्रा चाळणी होऊ लागलाय. त्यावर डांबर आणि चिकटपट्ट्या लावत बसण्यात अर्थ नाही, बदलून टाका. खालचे अँगल आणि पाइप खरवडून बघितल्याशिवाय मात्र नवा पत्रा चढवू नका.

जुना सिमेंट पत्रा असेल तर जपून. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते, कर्करोगही होतो. तो कापायचा किंवा फोडायचा नाही. ओला करून अख्खा उतरवायचा. त्याच्यावर थेट पाय देऊन चढायचंही नाही, तो न सांगता तुटतो.

स्लॅब: वरून शांत, आतून घातकी

काँक्रीटमध्ये ओल शिरली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फाटतं. म्हणून छतावर सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर दिसली, तपकिरी डाग आले, हातोडीच्या हलक्या ठोक्याला पोकळ आवाज आला, तर नुसता गिलावा मारून झाकू नका. गंजलेली सळई साफ करून जागच्या जागी दुरुस्ती होऊ शकते, पण किती भागात आणि पाडायची वेळ आली आहे का, हे संरचना अभियंत्याने तपासूनच सांगायला हवं. इथे गवंड्याच्या अंदाजावर मी कधीच जाणार नाही.

केसासारख्या वेड्यावाकड्या, उथळ चिरा असतील आणि पाणी गच्चीच्या कोपऱ्यात साचत असेल, तर उतार आणि वॉटरप्रूफिंग नीट केल्यावर बहुधा भागतं. फक्त जुन्या कोब्यावर (गच्चीवरच्या काँक्रीटच्या थरावर) नवा कोबा चढवायला सांगू नका. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोपर्यंत ओझं वाढवतो. जुना काढून मगच नवा घाला.

बदलायचंच ठरलं तर

कौलं काढून स्लॅब टाकू, असं घरोघरी बोललं जातं. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातं. पांढऱ्या मातीच्या किंवा चिखलात बांधलेल्या दगडी भिंतींवर ते ठेवता येत नाही, पायापासून कॉलम घ्यावे लागतात. म्हणजे ते छपराचं काम राहत नाही, नवं घर होतं. पैसे आणि परवानगी दोन्हींची तयारी असेल तरच तो विचार करा.

पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. थकलेल्या भिंतींना हा मोठा दिलासा. पण हलकं छप्पर वाऱ्याला उचलायला सोपं, आणि आपल्याकडे वळीव येतो तो वादळ घेऊनच. मे महिन्यात जिल्ह्यात कुठे ना कुठे पत्रे उडतातच. पत्रा घालायचा तर सांगाडा भिंतीत खोल बोल्ट घेऊन बांधून घ्या, नुसता वर टेकवून ठेवू नका. उन्हाळ्यातली धग आणि पावसातला आवाज सोसावा लागेल. घरात आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर पत्र्याखाली छत करण्याचा खर्च आधीच धरून ठेवा.

लाकूड चांगलं असेल तर माझं मत पुन्हा कौलांकडेच झुकतं. शहरात तरी. जिल्ह्यातल्या घाटाकडच्या गगनबावडा, राधानगरीचा पाऊस शहराच्या कित्येक पट आणि वानरांचा उपद्रव वेगळा. तिथे कौलांखाली पत्रा किंवा ताडपत्री घालून घेणं शहाणपणाचं.

दुखणं शोधायचं ते भर पावसात, आषाढ-श्रावणात, कंदील किंवा बॅटरी घेऊन माळ्यावरून, ओल्या कौलांवर न चढता. काम करायचं ते चैत्रात, वळीव यायच्या आधी. मृगाच्या तोंडावर सुतार आणि कामगार मिळत नाहीत, मिळाले तर घाईत उरकतात. तोवर ताडपत्री टाकून एक पावसाळा काढलेला बरा.

शाकारणी केलीत तर चांगली निघालेली जुनी कौलं टाकून देऊ नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौलं लागतात, तेवढी तरी परसात उभी रचून ठेवा.