पावसाळ्यात कुठली वाट धरावी: अलिबागचा सागरगड की नेरळचा पेब?

वाटेत धबधबा हवा, वर डोंगराची धार हवी आणि संध्याकाळी घरी परतायला हवं, असं म्हटलं की रायगड जिल्ह्यात दोन नावं हमखास पुढे येतात. एक अलिबागजवळचा सागरगड आणि दुसरा नेरळचा पेब, म्हणजेच विकटगड. लोक आधी किलोमीटर आणि तास विचारतात. माझ्या मते आधी महिना पाहावा, मग सोबत कोण आहे ते.

महिना अशासाठी, की जुलैत पाणी दणदणीत असतं, पण धारेवर ढग बसलेला असतो. पुढचा माणूस धुक्यात हरवतो, तिथे समुद्र कसला दिसतोय! ऑक्टोबरच्या उन्हात आभाळ निवळतं, तोवर ओढ्यांचा जोर ओसरलेला असतो. सप्टेंबरचा उत्तरार्ध तेवढा दोन्ही देतो, तेही नशिबात उघडीप असली तर. धबधब्यासाठीच जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट आणि धारेवरून दूरवर बघायचं असेल तर सप्टेंबरअखेर, हे आधी ठरवून टाका.

सागरगडाची वाट अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून सुटते. एसटीत तिकीट काढताना अलिबागचं खंडाळे म्हणावं, नाहीतर कंडक्टर बोरघाटाची आठवण काढून हसतो. भातखाचरं मागे पडली की धोंडाण्याचा धबधबा दिसू लागतो. कड्यावरून टप्प्याटप्प्याने उतरणारं ते पाणी चढताना बराच वेळ सोबत करतं, आणि पायवाटेवरूनच ते इतकं छान दिसतं की कुंडाच्या तोंडाशी जायची गरजच नाही. सिद्धेश्वराच्या देवळापाशी पहिला दम खायचा. तिथून पुढे सागरमाची ही वाडी, मग गडाचा दरवाजा. रमतगमत गेलं तरी अडीच-तीन तासांत माणूस वर पोहोचतो.

गडाची उंची जेमतेम चारशे मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीत मुरलेली मंडळी नाक मुरडतात. पण हा डोंगर जवळजवळ समुद्रसपाटीवरून उठलाय आणि पश्चिमेला त्याच्या आड काही येत नाही. उघडीप असली तर कुलाबा किल्ला, खांदेरी-उंदेरी आणि अलिबागची किनारपट्टी नजरेत येते. यातल्या खांदेरीचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सागरगडाच्या वाट्याला ते कौतुक आलेलं नाही, पण १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावे लागलेल्या तेवीस किल्ल्यांत त्याचंही नाव आहे. तटाच्या कडेकडेने फिरत टोकाला गेलं की वानरटोक नावाचा सुटा सुळका समोर येतो. तिथे कड्याशी फार लगट करू नये. पावसात गवताखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही.

खोट एकच. पूर्ण गोल वाट हवी असेल तर सागरगड ती देत नाही. फेरी होते ती माथ्यावर, खाली यायचं ते आल्या वाटेनेच. ज्यांना तेच झाड पुन्हा बघायचा कंटाळा येतो त्यांनी पेबकडे वळावं.

पेबची फेरी खऱ्या अर्थाने पूर्ण होते. नेरळ स्टेशनला उतरायचं, आनंदवाडीच्या बाजूने विजेच्या मनोऱ्यांचा माग धरून चढायला लागायचं. वाटेत लहानमोठे ओढे आणि धबधबे आडवे येतात. त्यातले काही ओलांडायचेच असतात, लांबून बघून भागत नाही. मग दाट झाडी आणि पेब व शेजारचा नाखिंद डोंगर यांच्या मधली खिंड. खिंडीतून गडाकडे वळल्यावर वाट अरुंद होते, कातळावर हात टेकावे लागतात, आणि शेवाळं धरलेला कातळ कुणाचीच भीड ठेवत नाही. गुहा बघून माथ्यावर गेलं की पलीकडच्या अंगाला लोखंडी शिड्या आहेत. त्या उतरून धारेवरून माथेरानच्या डोंगराला भिडायचं. कड्यावरचा गणपती इथेच, थेट माथेरानच्या रेल्वेमार्गालगत.

ही १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी गेजची लाइन. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, त्यामुळे सगळे बिनधास्त रुळांवरून दस्तुरीकडे, म्हणजे माथेरानच्या वाहनतळाकडे चालत सुटतात. रुळांवरून चालायला कायद्याने बंदी आहे हे ध्यानात असू द्या. शिवाय पावसात वरून दगड येतात. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीने हा मार्ग असा उखडला होता की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. दस्तुरीला पोहोचलात की सुटलात, खाली नेरळला यायला टॅक्सी मिळते. रविवारी संध्याकाळी मात्र तिच्यासाठी चांगलीच रांग लागते.

काही जण उलटं करतात. टॅक्सीने दस्तुरी गाठायची, शिड्या चढून पेब, आणि खाली नेरळ. दमछाक वाचते खरी, पण ओल्या कातळावरून चढण्यापेक्षा उतरणं कठीण. मी पावसाळ्यात ती दिशा कुणाला सुचवणार नाही.

येण्याजाण्यात पेब सरळ जिंकतो. मुंबई-ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की झालं. सागरगडासाठी पनवेल-पेण-वडखळ करत एसटीने यावं लागतं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्या नेणारी बोट) चालते, पण समुद्र खवळला की तीही रद्द होते. अलिबागला मुक्काम टाकणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. शनिवारी पोहोचावं, रविवारी पहाटे खंडाळे गाठावं आणि दुपारी मासळीचं ताट.

सोबत शाळकरी मुलं, पहिल्यांदा डोंगर चढणारे किंवा गुडघे कुरकुरणारे काका असतील तर माझं मत थेट सागरगड. तिथे कुणी थकलं तर सिद्धेश्वरापर्यंत जाऊन परतता येतं आणि धबधबा तरीही पदरात पडतो. पेबला खिंड ओलांडून गड चढल्यावर मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच अवघड होऊन बसतं. चार-सहा जणांचा सरावलेला गट, एक तरी वाट माहीत असलेला माणूस आणि घट्ट पकडीचे बूट असतील तर पेबसारखी मजा नाही. पण मुसळधार जुलैत नको, ऑगस्टअखेरपासून पुढे.

दोन्हींत मन अडकलं असेल तर भिवपुरीहून गार्बेटचं पठारही आहे. पाली-भूतिवली धरणाच्या बाजूने चढून रुंद हिरव्या धारेवर यायचं आणि माथेरान गाठून नेरळला उतरायचं. कातळारोहण नाही, शिड्या नाहीत, मात्र चाल लांब आहे आणि मोकळ्या पठारावर वारा सडकून काढतो.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन गोष्टी तपासा. हवामान खात्याने रायगडला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर बेत रद्द करा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तो डोंगर माथेरानपासून फार लांब नाही. दुसरं, धरणं-धबधब्यांवर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बरेचदा मनाई आदेश काढतं, विशेषतः कर्जत-खालापूर भागात. नेरळ-भिवपुरीच्या बाजूला अशा दिवसांत पोलीस वाटेतूनच परत पाठवतात, आणि मग कर्जत लोकलने आल्या पावली घरी जावं लागतं.