जीसीसीवर ओपनएमपीचं डीबग बिल्ड: सात-आठ महिने वापरल्यावर

परसोडीच्या आयटी पार्कात आमची छोटी टीम भूजल सिम्युलेशनचा सी++ कोड सांभाळते. त्यात ओपनएमपी, म्हणजे काम अनेक थ्रेडवर वाटून चालवायची सोय, आणि मध्ये मध्ये हाताने लिहिलेली एव्हीएक्स इंट्रिन्सिक्स, म्हणजे प्रोसेसरच्या वेक्टर सूचना थेट बोलावणारी फंक्शनं. दिवाळीपासून जीसीसी कंपाइलरवर डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायला केलेलं बिल्ड, रोज चालतंय. सुरुवातीला रिलीज बिल्ड गुपचूप व्हायचं, डीबग मात्र कंपाइल होतानाच आपटायचं. नवीन आलेलं पोरगं हमखास विचारतं, "दादा, रिलीज होते तर हे काऊन होत नाही?"

दोष बहुतेक वेळा थ्रेडचा नसतो, डीबगची माहिती घालणाऱ्या '-जी'चाही नसतो. सोबत लावलेल्या, ऑप्टिमायझेशन बंद ठेवणाऱ्या '-ओ०'चा असतो. ऑप्टिमायझर जे निमूट सांभाळून घेतो, ते ओ० ला उघडं पडतं.

आमच्याकडे शफलचं, म्हणजे वेक्टरातल्या आकड्यांच्या जागा बदलणारं, इंट्रिन्सिक एका इनलाइन फंक्शनमध्ये होतं आणि कोणता आकडा कुठे जाईल ते सांगणारा मास्क पॅरामीटर म्हणून यायचा. ऑप्टिमायझेशन चालू असलेल्या ओ२ ला फंक्शन इनलाइन होतं, मास्क कॉन्स्टंट ठरतो, काम भागतं. ओ० ला तोच मास्क साधा व्हेरिएबल राहतो आणि कंपाइलर अडून बसतो: शेवटचं आर्ग्युमेंट ८ बिटांचं इमिजिएटच, म्हणजे कंपाइल होतानाच ठरलेली संख्या, पाहिजे. मास्क टेम्पलेट पॅरामीटर केला, विषय संपला. जुन्या सी फायलींत 'स्टॅटिक' न लावलेली इनलाइन फंक्शनं असतील तर लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो, तेही याच जातीचं.

बफर ओव्हरफ्लो पकडायला लावतात तो फोर्टिफाय सोर्सचा फ्लॅग ऑप्टिमायझेशन मागतो. एरवी ती नुसती वॉर्निंग, पण वॉर्निंगला एरर मानणारं 'वेरर' लावलेलं असलं की बिल्ड तिथंच थांबतं. डीबगिंगला सोयीचं हलकं ऑप्टिमायझेशन करणारं '-ओजी' वापरा, जीसीसी ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. फोर्टिफायची कटकट जाते. इंट्रिन्सिकचं मात्र ओजीच्या भरवशावर सोडू नका.

'सीसी१प्लस किल्ड' (सीसी१प्लस म्हणजे जीसीसीतला खरा सी++ कंपाइलर) दिसलं की कंपाइलरला शिव्या देण्याआधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, बघा. जास्तीची डीबग माहिती घालणारं '-जी३', जड टेम्पलेट आणि मेकला सगळे कोर दिले की रॅम संपते आणि कर्नल प्रोसेस मारतो. जॉब कमी करा. मे महिन्यात तर सगळे कोर लावूच नये, नागपूरच्या उन्हात कूलरला आधीच दम लागलेला असतो.

जीसीसीवर माझा खरा राग थ्रेड सॅनिटायझरपायी, म्हणजे रेस (दोन थ्रेडनी एकाच डेटावर एकाच वेळी घातलेला गोंधळ) पकडणाऱ्या साधनापायी. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसोबत तो लागतच नाही, ते एक वेळ ठीक. पण जीसीसीची ओपनएमपी लायब्ररी, म्हणजे नेहमीचं लिबगॉम्प, लिनक्स कर्नलच्या फ्युटेक्स या कुलुपासारख्या सोयीवर चालतं आणि सॅनिटायझरला ते सिंक्रोनायझेशन कळत नाही. त्यामुळे बॅरियरने (सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात ती जागा) नीट राखलेल्या कोडमध्येही खोट्या रेसचा पाऊस पडतो. रेस शोधायला आम्ही क्लँग हा दुसरा कंपाइलर आणि ओपनएमपी समजणारं आर्चर वापरतो. बाकी सगळं जीसीसीवरच, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

ओजीमध्ये जीडीबी डीबगर अधूनमधून 'ऑप्टिमाइज्ड आउट' दाखवतं. तेव्हा तेवढ्या एका फायलीला ओ० लावतो, चालतं. जीसीसीच्या सी++ लायब्ररीचा, म्हणजे लिबस्टडसी++ चा, डीबग मोड मात्र असा एकाच फायलीला लावू नका. त्यात वेक्टरची मेमरीतली मांडणीच बदलते, मग बिल्ड होतं आणि प्रोग्राम भलत्याच जागी पडतो.